शेपटीवर बसलेलं विमान



विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर चुकीच्या मुलाला दिला, असं तुम्हाला कधी नंतर लक्षात आलंय का? माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हा उशीर झाला होता. त्या चुकीतून माझं एक मत बनलं. ते तुमच्यापुढे ठेवतो. पटलं तर वर्गात करून बघा.

आमची बरीच मुलं चौक आणि आसपासच्या कोळीवाड्यांतून येतात. चौक म्हणजे मीरा-भाईंदरचं एक टोक. भाईंदर स्टेशनवरून बस उत्तनच्या बाजूला येते आणि मग पुढे रस्ताच उरत नाही. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला, आणि अलीकडच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत या टेकडीलाही मोठं महत्त्व होतं. त्यामुळे इथल्या मुलांना लढाई, होडी आणि किल्ला हे विषय वेगळे शिकवावे लागत नाहीत. घराबाहेर पडलं की ते समोरच असतात.

सहावीतल्या एका मुलाच्या मामाने, तो जहाजावर नोकरीला आहे, सुट्टीवर येताना एक प्लॅस्टिकचं किट आणलं. विमान होतं नॅट. आपल्या हवाई दलाचं एकेकाळचं हलकं लढाऊ विमान. पोराने ते प्रदर्शनासाठी जोडलं आणि मोठ्या ऐटीत घेऊन आला. टेबलावर ठेवलं आणि विमानाचं नाक वर गेलं. शेपूट खाली टेकलं. पुढचं चाक हवेत! पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "सर, याचं विमान आत्ताच उडालं." मीही हसलो, हे कबूल करतो. वर आणखी काय केलं, तर ते विमान मागच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पुढे मांडला थर्माकोलचा सुबक किल्ला. बुरूज, दिवे, कारंजं, सगळं होतं. पहिला नंबर त्या किल्ल्याला गेला. त्यातल्या दिव्यांची जोडणी कशी केली, हे मात्र त्या मुलीला सांगता आलं नाही. कारण ती तिने केलीच नव्हती. तिचा दोष नाही. आम्हीच अशी बक्षिसं देत आलो आहोत.

आठवड्याने तो मुलगा मधल्या सुट्टीत पुन्हा विमान घेऊन आला. या वेळी विमान तीन चाकांवर सरळ उभं होतं. नाकाजवळ मात्र एक जाड, ओबडधोबड रेघ दिसत होती. विचारलं, तर म्हणाला, "सर, पुढं वजन पाहिजे होतं. कागदावर लिहिलेलं, मी वाचलं नव्हतं. मग नाक कापलं, आजोबांच्या जाळ्याचं शिसं आत घातलं आणि परत चिकटवलं."

मित्रांनो, माझ्यासाठी सगळा धडा इथेच आहे. पुढचं एक चाक आणि मागची दोन चाकं, अशा रचनेत वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या पुढे असावा लागतो. तो मागे गेला की विमान शेपटीवर बसतं. खऱ्या विमानात पुढच्या भागात यंत्रं असतात, वैमानिक असतो. प्लॅस्टिकच्या विमानाचं नाक पोकळ असतं, म्हणून तिथे वजन मुद्दाम घालावं लागतं. गुरुत्वमध्याची व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेन! पण ती त्या पोराला नीट कळली विमान मागे कलंडलं तेव्हा. आणि उपाय सापडला घरच्याच जाळ्यात. ज्या शिशाने जाळं पाण्यात खाली जातं, त्यानेच विमानाचं नाक खाली आणलं.

(शिसं विषारी असतं, हे त्याला मी त्याच दिवशी सांगितलं. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तोंडात घालायचं नाही आणि घासून त्याची पूड करायची नाही. तुम्हीही हे सांगा. वजनासाठी लोखंडी नट किंवा छर्रेसुद्धा चालतात.)

आता "सर, खेळण्यात एवढं काय आहे?" असं पालक विचारतात. म्हणून या किटमध्ये काय असतं ते सांगतो. डबा उघडला की विमान दिसत नाही. दिसतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी आणि त्यांना देठांनी लटकलेले तुकडे. प्रत्येकाला नंबर. धडाचे दोन अर्धे भाग, पंख, शेपूट, चाकं, वैमानिकाची खुर्ची, वरची पारदर्शक काच. सोबत एक कागद असतो, त्यात शब्द कमी आणि चित्रं जास्त. हा कागद वाचणं म्हणजे आकलनाचा उत्तम सराव. क्रम चुकला तर कुणी लाल शाईने गोल करत नाही. खुर्ची आत बसवायच्या आधी धड बंद केलं, तर खुर्ची बाहेर राहते. बस. चूक स्वतःच समोर येते.

मग डिंक. कागदाचा पांढरा डिंक प्लॅस्टिकवर टिकत नाही. या मॉडेलसाठीचा द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो, आणि दोन्ही भाग एकमेकांत मिसळून पक्के होतात. म्हणून तो थोडाच लावायचा, जास्त झाला तर विमानच वितळतं. झटपट चिकटवणारा डिंक काचेजवळ वापरला तर त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. खिडकी उघडी ठेवायची, मोठं माणूस जवळ असायला हवं आणि कटर लहान मुलांच्या हाती एकट्याने द्यायचा नाही. आणि सगळ्यात कठीण काम म्हणजे डिंक वाळेपर्यंत थांबणं. आजच्या पोरांना (आणि आपल्यालाही!) ते कुठे जमतं?

आता गणिताकडे येऊ. या किटांवर बहुतेक वेळा १:७२ असं प्रमाण लिहिलेलं असतं. म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ सेंटीमीटर, मॉडेलवर १ सेंटीमीटर. ७२ हाच आकडा सोयीचा का, तर सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. मुलांना स्वतःची उंची मोजू द्या. १४४ सेंटीमीटरचं मूल किती होईल? २ सेंटीमीटर. गुणोत्तर-प्रमाणाच्या पाठात हे एकच उदाहरण घेऊन बघा, वर्गात कुणी जांभई देत नाही.

नंतर उलटा प्रवास करा. नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर आणि लांबी ८.७४ मीटर. मॉडेलवर ते झालं साधारण साडेनऊ आणि बारा सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढं. आम्ही मॉडेल मोजलं, ७२ने गुणलं आणि मैदानात खडूने खऱ्या मापाचं नॅट काढलं. पोरं त्याच्या आत जाऊन उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "एवढंच? आमची होडी याच्याहून मोठी आहे." हे वाक्य कुठल्याही स्वाध्यायात सापडणार नाही.

आणि त्या "एवढंच"मध्येच नॅटचा इतिहास आहे. विमान मूळ ब्रिटिश, १९५५ साली पहिल्यांदा उडालं. ब्रिटनने लढाऊ विमान म्हणून ते स्वतःच्या हवाई दलात घेतलं नाही, तिथे त्याची प्रशिक्षणाची आवृत्ती वापरली गेली. भारताने मात्र लढाऊ नॅट घेतलं आणि बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये तयारही केलं. पुढे त्यातूनच 'अजित' हे सुधारित विमान झालं. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत समोर असलेलं सेबर हे विमान याच्यापेक्षा बरंच मोठं होतं. त्याच्या पंखांचा विस्तार अकरा मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या प्रमाणात पंधरा-सोळा सेंटीमीटर. दोन्ही आकृत्या पुठ्ठ्याच्या कापून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला धरा आणि मुलांना विचारा, आधी कोणतं दिसलं? लहान असणं हा फायदा कसा ठरू शकतो, ते त्यांना आपोआप कळेल. नॅटला 'सेबर स्लेयर' हे नाव का पडलं, तेही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला रास्त वाटतो. एका शिक्षिका मैत्रिणीने विचारलं, "मुलांच्या हातात युद्धाचं विमान कशाला? होडी करायला दे, घर करायला दे." मी त्यावर बराच विचार केला. हे विमान शस्त्र आहे, ते झाकून ठेवू नये. त्याच्यावर ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. पण मॉडेल करताना एक खुर्चीही बसवावी लागते. त्या खुर्चीवर कोण बसत होतं, हे सांगणं आपलं काम. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर हल्ला झाला, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों याच नॅटमधून एकटे झुंजले आणि परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हवाई दलातल्या कुणाला मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र आहे. हे सांगितलं तेव्हा तो मुलगा बराच वेळ त्या छोट्या खुर्चीकडे बघत होता. मोबाईलवरच्या खेळात विमान पडलं की दुसरं मिळतं. स्वतः महिनाभर खपून जोडलेल्या विमानाकडे मूल तसं बघत नाही. माझं मत असं, की युद्धाचा खोटा रोमांच कमी करायला हे काम मदतच करतं, फक्त शिक्षकाने सोबत बोललं पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगलं किट महाग असतं, आणि आमच्या वर्गातल्या सगळ्यांना ते परवडणार नाही. मान्य. पण चार-पाच मुलांत एक किट पुरतं. तेही नको असेल तर जुन्या वह्यांचे पुठ्ठे घ्या. माप खरं, प्रमाण ठरलेलं आणि हात मुलांचे, एवढ्या तीन अटी पाळल्या की पुरे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आपल्याच देशात घडवलेलं 'मारुत' हे खरं लढाऊ विमान ठेवलेलं आहे. सहल नेलीत तर मुलांना त्याच्या पंखाखाली उभं करा आणि अंदाजाने मापं लिहायला सांगा. आणि हे सगळं जुन्या काळातलं, असंही समजू नका. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला 'तेजस' हे हलकं लढाऊ विमान आता तयार होतंय. तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए ऑक्टोबर २०२५मध्ये आकाशात झेपावलं. तिथल्या कारखान्यात लागतील असे हात कुठल्यातरी शाळेतच तयार होणार आहेत ना?

खरं तर मॉडेल करणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतच आपण वाढलो. दगड रचायचे, चिखल थापायचा, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. तो किल्ला एका बाजूला खचायचा, आणि आपणच तो पुन्हा उभा करायचो. बाबा फार तर माती आणून द्यायचे. आता मातीचा नव्हे तर तयार किल्ला बाजारातून येतो, प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून येतो, आणि रात्री बारापर्यंत जागून तो चिकटवतात आई-बाबा. पालकहो, तुमची माया कळते. पण तुम्ही वाकडा पंख सरळ केलात की मुलाची विचार करण्याची संधी गेली. काप कुठे द्यायचा ते सांगू नका. "का बरं कलंडतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं कठीण आहे, मला माहीत आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी. आम्ही आता प्रदर्शनाचे गुण बदललेत. निम्मे गुण वस्तूला आणि निम्मे एका वहीला. वहीत मुलाने लिहायचं: काय चुकलं, कसं कळलं, मग काय केलं. ज्याच्या वहीत एकही चूक नाही, त्याला आम्ही दोन प्रश्न जास्त विचारतो. पहिल्या वर्षी काही पालक नाराज झाले. "आमच्या मुलाचं मॉडेल एवढं छान असून नंबर नाही?" असं विचारायला आले. त्यांना मी वही उघडून दाखवली. काहींना पटलं, काहींना नाही.

त्या मुलाला मी नंतर वर्गासमोर बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की माझं चुकलं. तो लाजला, मान खाली घातली. पुढच्या प्रदर्शनाला मात्र त्याने काहीच आणलं नाही. विचारलं तर म्हणाला, "वेळ नाही मिळाला, सर." खरं असेलही. पण मागच्या टेबलावर ठेवलेलं ते विमान मला अजून दिसतं.

तुमच्या शाळेत यंदा प्रदर्शन असेल, तेव्हा मागच्या टेबलावर एकदा जाऊन बघा. कलंडलेलं, डिंकाचे डाग पडलेलं, एक चाक वाकडं असलेलं काहीतरी तिथे नक्की असेल. ज्याने ते केलंय, त्याला बोलवा आणि विचारा, "हे असं का झालं?" मग पाच मिनिटं ऐका. नंबर कुणाला द्यायचा, ते त्यानंतर ठरवा.