गोंदण : अंगावरचा ठेवा आणि सुईवरचा विश्वास

आपल्याकडील अनेक कुटुंबांत आज एक मौजेचा विरोधाभास दिसतो. आजीच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे किंवा मनगटावरचे हिरवट गोंदण हे घराच्या जुन्या वैभवाची खूण म्हणून कौतुकाने दाखविले जाते. त्याच घरातील नातवाने दंडावर काही कोरून आणले की मात्र ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणून वादाला तोंड फुटते. वास्तविक दोन्ही ठिकाणी घडलेली क्रिया एकच आहे. सुईने त्वचेत रंग शिरविला गेला आणि तो जन्माचा सोबती झाला. ‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियातून युरोपमार्गे आपल्यापर्यंत आला. परंतु ‘गोंदण’ आपलेच आहे. शान्ता शेळके यांना आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव द्यावेसे वाटले, इतका हा शब्द मराठी मनात खोल रुजलेला आहे.

म्हणून गोंदवावे की न गोंदवावे या वादात शक्ती खर्च करण्याऐवजी दोन प्रश्नांकडे वळले पाहिजे. आपली त्वचा कोणाच्या हाती सोपवायची? आणि आयुष्यभर अंगावर जो संग्रह वागवायचा, तो कोणत्या विवेकाने उभा करायचा?

सोबत जाणारा दागिना

भारतातील बहुतेक सर्व प्रदेशांत गोंदणाविषयी एक समान श्रद्धा आढळते. सोनेनाणे येथेच राहते. गोंदण तेवढे देहासोबत जाते. ज्यांच्या वाट्याला सोने आले नाही, त्या कष्टकरी स्त्रियांनी या श्रद्धेच्या आधाराने स्वतःसाठी दागिने घडविले. ते चोरीला जात नव्हते, सावकाराकडे गहाण पडत नव्हते आणि दुष्काळात विकलेही जात नव्हते. तुळस, सूर्य, चंद्र, मोर, विंचू, ठिपक्यांच्या ओळी, क्वचित आप्तांचे नाव अशी ही संपत्ती होती. ती एका दिवसात जमत नसे. बालपणी काही, विवाहानंतर काही आणि पुढे एखाद्या जत्रेत काही, अशी ती वाढत जाई. आज ज्याला तरुण मंडळी ‘कलेक्शन’ म्हणतात, त्याचे हे आपल्या मातीतील रूप होय.

मध्य प्रदेशातील बैगा जनजातीमध्ये ही क्रमवार वाढ अत्यंत स्पष्ट दिसते. मुलगी साधारण आठ वर्षांची झाली की प्रथम कपाळावर गोंदले जाते. त्यानंतर वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पाय, हात, पाठ असा विस्तार होत जातो. वेरियर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात या परंपरेची नोंद घेतली आहे. बैगा स्त्रीच्या अंगावरील गोंदण वाचता येणाऱ्यास तिचे आयुष्य वाचता येते.

रामनामींचा देह

गोंदणाचा संग्रह हा केवळ शोभेचा विषय नव्हे, याचे सर्वांत अंतर्मुख करणारे उदाहरण छत्तीसगडमध्ये आहे. १८९० च्या दशकात चारपारा या गावातील परशुराम नावाच्या गृहस्थापासून रामनामी पंथाची सुरुवात झाली, असे मानले जाते. ज्या समाजातून हा पंथ उभा राहिला, त्याला अस्पृश्य ठरवून मंदिराचे दार बंद करण्यात आले होते. या मंडळींनी दगडाला दगडाने उत्तर दिले नाही. त्यांनी ‘राम’ ही दोन अक्षरे स्वतःच्या देहावर कोरून घेतली. कोणी कपाळावर, कोणी चेहऱ्यावर, तर कोणी नखशिखांत. दिव्याची काजळी, पाणी आणि सुया एवढीच सामग्री होती. मंदिराच्या भिंती ज्यांना आत घेत नव्हत्या, त्यांनी देहाचेच मंदिर केले. त्यांचा राम निर्गुण आहे. तो मूर्तीत नाही, म्हणून पुजाऱ्याच्या परवानगीची त्यांना गरजही उरली नाही.

आज पंथातील नव्या पिढीचे फार थोडे लोक सर्वांगावर नाम गोंदवून घेतात. शिक्षण आणि नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मुलांना चेहऱ्यावरील अक्षरांमुळे लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या हिंदू समाजाने रामनाम घेणाऱ्यांनाच रामाच्या दारातून परत पाठविले, त्याने त्या वृद्ध देहांवरील अक्षरांसमोर नम्र होऊन उभे राहावे. ती अक्षरे श्रद्धेची आहेत, तशीच ती आपल्यावरील आरोपपत्रही आहेत. समरसतेची भाषा बोलताना याचा विसर पडता कामा नये.

विश्वासाची जुनी चौकट

पूर्वी गोंदणारीच्या हाती त्वचा सोपविताना कोणी प्रमाणपत्र मागत नसे. बैगांना बादी समाजातील स्त्रिया गोंदत. छत्तीसगडात हे काम देवार स्त्रियांकडे होते. महाराष्ट्रात भटक्या समाजांतील स्त्रिया गावोगाव फिरून गोंदत. नक्षी आईकडून मुलीकडे जाई. हीच गोंदणारीण पुढल्या हंगामात पुन्हा त्याच गावात येणार असे. हात बिघडला, जखम चिघळली तर तिला त्याच ओट्यावर जाब द्यावा लागे. ओळख आणि उत्तरदायित्व या दोन खांबांवर तो विश्वास उभा होता. बैगांकडे रामतीळ, म्हणजे आपली कारळे, यांच्या काजळीने गोंदत आणि नंतर त्याच बियांचे तेल व हळद लावीत. अनुभवातून आलेले हे शुश्रूषाशास्त्रच होते.

तरीही भूतकाळाचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. एकाच सुयांनी अनेकांना गोंदले जाई. रक्तातून पसरणाऱ्या कावीळ ‘ब’ आणि ‘क’ किंवा एचआयव्ही यांचे विषाणू त्या काळी ज्ञात नव्हते. आज ते ज्ञात आहेत. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसलेल्या गोंदणाऱ्याची सुई आजही एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल, तर परंपरेच्या नावाखाली तिचे समर्थन करता येणार नाही. तसेच आठ वर्षांच्या बालिकेला तिची इच्छा कोणी विचारीत नसे, हेही मान्य केले पाहिजे. परंपरेतील भाव घ्यावा, जोखीम घेऊ नये.

त्वचेत काय घडते?

विश्वास डोळस हवा असेल, तर सुई नेमके काय करते हे समजून घ्यावे लागते. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. रंग तेथे राहिला तर झडून जाईल. म्हणून गोंदणारा तो एक ते दोन मिलिमीटर खोल, आतल्या थरात पोहोचवितो. शरीर हे रंगकण परके समजून त्यांना गिळण्यासाठी भक्षक पेशी पाठविते. त्या पेशी रंग पोटात घेऊन तेथेच बसतात. २०१८ साली फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, या पेशी मेल्या तरी त्यांनी सोडलेला रंग नव्या पेशी उचलतात. गोंदण टिकते ते या अखंड हस्तांतरणामुळे. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही पोहोचतात. म्हणजे गोंदवून घेणे ही त्वचेपुरती गोष्ट नसून संपूर्ण शरीराशी केलेला व्यवहार आहे.

त्यामुळेच रंग कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील ४,००० हून अधिक रसायनांवर बंधने घातली. आपल्याकडे मात्र सुंदर वेष्टनातील शाईच्या बाटलीत नेमके काय आहे, हे विचारणारा ग्राहक विरळा आणि सांगणारा विक्रेता त्याहून विरळा.

विश्वास ठेवावा कोणावर?

शहरातील आजच्या कलावंताला गावाच्या ओट्यावर जाब द्यावा लागत नाही. त्यामुळे ओळखीची जागा आता तपासणीने घेतली पाहिजे. सीलबंद सुई आपल्या डोळ्यांसमोर उघडली जाते का? शाई छोट्या नव्या कपात ओतून उरलेली फेकून दिली जाते का? हातमोजे, यंत्रावरील आवरण आणि खुर्चीवरील आच्छादन प्रत्येक ग्राहकागणिक बदलते का? पुन्हा वापरायची साधने वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली जातात का? हे प्रश्न विचारताना संकोच बाळगू नये. चांगला कलावंत अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला समाधान वाटते.

कलेची परीक्षा करताना ताज्या कामाच्या छायाचित्रांवर भुलू नये. ताजे काम सर्वांचेच तेजस्वी दिसते. वर्ष, दोन वर्षे उलटलेले, पूर्ण भरून आलेले काम पाहण्याचा आग्रह धरावा. बारीक रेषा काळानुसार पसरतात, फिकट रंग उडतात. हे आधीच सांगणारा माणूस विश्वासास पात्र असतो.

आणि सर्वांत मोठी कसोटी म्हणजे तो नकार देतो का? अल्पवयीन मुलाला, मद्य घेऊन आलेल्याला, तिळावर किंवा मशावर गोंदवू पाहणाऱ्याला, आठवड्यापूर्वी जुळलेल्या प्रेमाचे नाव कोरून मागणाऱ्याला जो ‘आज नको’ म्हणू शकतो, त्याच्याच हाती त्वचा सोपवावी. मधुमेह असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांची जखम गाठ होऊन फुगते अशांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कावीळ ‘ब’ ची लस घेतलेली असावी. ‘क’ वर अद्याप लस नाही. नियमित रक्तदान करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१७ च्या राष्ट्रीय रक्तदाता निवड निकषांनुसार गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही.

संग्रहाचा विवेक

जपानमध्ये पारंपरिक पद्धतीने सर्वांगावर गोंदवून घेणारा माणूस बहुधा एकाच गुरूकडे वर्षानुवर्षे जातो. पाठ, खांदे, दंड यांवर मिळून एकच चित्र साकारते. आपल्या बैगा स्त्रियांचा क्रम याहून वेगळा असला, तरी तत्त्व तेच आहे. संग्रह घाईने होत नाही आणि प्रत्येक नवी भर जुन्याशी नाते सांगते. आज मात्र चित्रपटातील नटाच्या मनगटावर दिसले म्हणून एक, मित्राने केले म्हणून दुसरे, सवलत होती म्हणून तिसरे, अशी अंगावर अडगळ साचते. पुढे लेसरच्या अनेक बैठका, त्यांचा खर्च आणि वेदना सोसूनही त्वचा पूर्ववत होईलच असे नाही. मनात आलेली कल्पना कागदावर उतरवून वर्षभर भिंतीवर लावावी. वर्षानंतरही ती तितकीच आपली वाटली, तर सुईचा विचार करावा.

देवतांच्या आणि छत्रपती शिवरायांच्या प्रतिमा गोंदवून घेण्याची आवड महाराष्ट्रात वाढली आहे. त्यामागील भाव निर्मळ असतो, याविषयी शंका नाही. परंतु जागेचे भान हवे. आराध्याची प्रतिमा कमरेखाली किंवा पायावर असणे आपल्या संस्कारांत बसत नाही. अक्षरांचेही भान हवे. संस्कृत श्लोकातील एक अनुस्वार गळला किंवा ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, तर ती चूक जन्मभर वागवावी लागते. मजकूर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय सुईखाली जाऊ नये. आणि महाराजांची प्रतिमा दंडावर वागविणाऱ्याने तो दंड कोणावर उगारला जातो, याचाही विचार करावा.

सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणांना भरतीचे नियम ठाऊक असणे अगत्याचे आहे. कायमस्वरूपी गोंदण हाताच्या आतील बाजूस कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागील बाजूस असेल तरच ते चालते. जनजातींतील उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे. परंपरेचा मान आणि शिस्तीची गरज यांचा हा योग्य मेळ आहे. मानेवरील एका हौशीपायी वर्दीचे स्वप्न भंगू नये.

शासन आणि समाज यांचे दायित्व

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निर्वाळा दिला की, गोंदणे ही वैद्यकीय क्रिया नव्हे. तिच्यासाठी डॉक्टरचा परवाना लागत नाही. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण वैद्यकीय नव्हे याचा अर्थ बेबंद, असा होत नाही. आपल्याकडे या व्यवसायासाठी स्वतंत्र देशव्यापी परवाना कायदा नाही. नोंदणी, निर्जंतुकीकरणाचे किमान निकष, शाईच्या घटकांची सक्तीची नोंद आणि वयाची अट या चार गोष्टी तरी शासनाने ठरवून द्याव्यात. त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपणाऱ्या बादी, देवार आणि आपल्याकडील भटक्या समाजांतील कलावंत स्त्रियांना स्वच्छ सुया, प्रशिक्षण आणि सन्मानाचे स्थान मिळाले पाहिजे. त्यांच्या नक्षी शहरातील दालनांत चढ्या भावाने विकल्या जातात. त्यांच्या हाती मात्र काहीच येत नाही. हा अन्याय दूर करणे हेही संस्कृतिरक्षणाचेच काम आहे.

घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांवर डोळे वटारले, तर मुले लपून जातील, आणि लपून जाणारा मुलगा स्वस्तातल्या सुईकडे जातो. त्यापेक्षा आईवडिलांनी त्याच्यासोबत जावे, प्रश्न विचारावेत, घाई थांबवावी. आजीच्या हातावरील तुळशीचा अर्थ त्याला आधी सांगावा. तो अर्थ समजलेला तरुण आपल्या अंगावर काहीही कोरून घेण्यापूर्वी दोनदा विचार करील, आणि जे कोरील त्याला जन्मभर जागेल.