घरची गाडी : फोर व्हील लागेना, तेव्हा



आज सांगतो ती चूक माझी स्वतःची आहे. बारा वर्षांपूर्वी वणीतल्या आमच्या गॅरेजवर एक चाचा त्यांची जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन आले. ऑगस्टचे दिवस होते. टोमॅटोचं शेत नांदुरी रस्त्याच्या आत आणि वाट काळ्या मातीची. क्रेट भरलेली गाडी वाटेतच रुतली होती आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली होती. नॉब फोर व्हीलवर फिरवला की समोरचा दिवा नुसता लुकलुकायचा, पुढची चाकं ओढायचीच नाहीत.

मी खाली वाकून पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "चाचा, ॲक्च्युएटर गेला." चाचांनी साडेअकरा हजार रुपये मोजले. नवा भाग बसवला, तरी दिवा लुकलुकतच राहिला. मग शोधाशोध केली तेव्हा दिसलं की बॉनेटच्या आत रबरी पाइप उंदराने कुरतडला होता. हातभर नवा पाइप चाळीस रुपयांना आला आणि गाडी सुरळीत झाली. ते साडेअकरा हजार मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते, हे मला नंतर चाचींकडून कळलं. त्या रागावल्या नाहीत. "बेटा, आधी बघितलं असतंस तर?" एवढंच म्हणाल्या.

हा ॲक्च्युएटर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आलेल्या जुन्या जीपमध्ये फोर व्हीलसाठी गिअरच्या दांडीशेजारी वेगळी दांडी असायची. ती हाताने ओढली की ताकद पुढच्या चाकांकडेही जायची. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत दांडी गेली आणि बटण किंवा नॉब आला. मग आतला दांडा सरकवायला कुणीतरी हवं. ते काम ॲक्च्युएटर करतो. काही गाड्यांत तो छोटी विजेची मोटर असते, काहींत हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर हलणारा रबरी पडदा. तो आतला काटा सरकवतो, काटा कॉलरला सरकवतो आणि पुढचा ॲक्सल जोडला जातो. जोडणी पूर्ण झाली की एक लहान स्विच दिव्याला खबर देतो.

म्हणजे नॉबपासून दिव्यापर्यंत ही एक साखळी आहे. दिवा लुकलुकतो तेव्हा साखळीतली एखादी कडी तुटली, एवढंच कळतं. कोणती, ते शोधावं लागतं. शोधताना स्वस्त कडीपासून सुरुवात करायची.

पहिली बॅटरी आणि फ्यूज. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. बॅटरी अशक्त असेल तर मोटर अर्ध्यावर थांबते.

दुसरी वायर आणि कनेक्टर. ॲक्च्युएटर गाडीच्या पोटाखाली असतो, चिखलपाणी थेट त्याच्यावर उडतं. कनेक्टर सोडवून पाहावा. आत हिरवट गंज दिसला तर तो साफ करून, सुकवून पुन्हा लावावा. कितीदा तरी काम इथेच संपतं.

तिसरी व्हॅक्यूमचा पाइप. इंजिन चालू असताना ॲक्च्युएटरकडचा पाइप काढून, फोर व्हील लावून, टोकाला बोट धरलं तर ओढ जाणवली पाहिजे. काही गाड्यांत दोन पाइप असतात, एक जोडणारा, एक सोडणारा. मग ओढ दोन्हीकडे पाहावी. कुठेच ओढ नसेल तर दोष पाइपमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे, ॲक्च्युएटरमध्ये नाही. ही तपासणी गॅरेजमध्येच करून घ्या. इंजिन चालू असलेल्या गाडीखाली घरी कुणी शिरू नये.

आता खुद्द ॲक्च्युएटर. मोटरचा असेल तर नॉब फिरवताच कनेक्टरवर वीज येते का, ते मीटरने पाहावं. वीज येते आणि मोटर हलत नाही, तर मोटरवर संशय. वीजच येत नसेल तर दोष मागे आहे: नॉब, रिले, वायर किंवा कंट्रोल युनिट. व्हॅक्यूमचा असेल तर मोठ्या सिरिंजने हवा ओढून धरावी. दांडा सरकला आणि मिनिटभर तसाच राहिला तर पडदा शाबूत. लगेच परतला तर पडदा फाटलेला.

शेवटची कडी बरेच जण विसरतात. ॲक्च्युएटर काढल्यावर आतला काटा हाताने हलवून पाहा. तोच घट्ट बसला असेल तर नवी मोटरही काही दिवसांत जळेल. उलट, पुढची चाकं ओढतात पण दिवा लागत नाही, असं असेल तर बहुधा तो लहान स्विच बिघडलेला असतो.

काटा जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या, ओल्या जमिनीवर फोर व्हील लावून थोडं अंतर सरळ गाडी चालवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर, घाटाच्या वळणांवर ती लावू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, त्याचा ताण गिअरवर येतो. आणि फोर व्हील लावलेली असताना एकच चाक जॅकवर उचलून इंजिन फिरवू नका. जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ढकलून देतात.

मेकॅनिकने मोठा खर्च सांगितला तर संकोच न करता तीन गोष्टी विचारा. वीज किंवा ओढ तिथपर्यंत पोहोचते का, हे मला दाखवाल का? काटा हाताने हलतो का? जुना भाग मला परत द्याल का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. गिऱ्हाईक गाडीबरोबर घरातला पैसाही आपल्या हाती देतं, ती अमानत आहे, हे त्याला माहीत असतं.

दुकानदाराने तो बसवलेला भाग परत घेतला नाही. चाचांचे पैसे मी चार हप्त्यांत फेडले. भाग पुढे वर्षभर माझ्या फळीवर पडून होता, मला रोज दिसेल असा. चाचांची गाडी आजही माझ्याकडेच येते. उतरल्या उतरल्या ते हसून विचारतात, "काय रे, आज पाइप बघितलास का?"