नोंदी गळतात, पण आवाज होत नाही

रुग्णालयाने संगणकप्रणाली बदलली की केसपेपरच्या खिडकीवर नवी स्क्रीन दिसते. खरे काम तिच्यामागे असते: जुन्या प्रणालीतील वर्षानुवर्षांच्या नोंदी उचलून नव्या रचनेत बसवणे. हे काम तंत्रज्ञांवर सोपवून सगळे मोकळे होतात. त्यातली चूक मात्र रुग्णाला भोगावी लागते.

इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातील १५,८४१ कोविडबाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. या फाइलच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात आणि एकेका नोंदीला अनेक ओळी लागत होत्या. मर्यादा संपली आणि पुढच्या नोंदी गळाल्या. बाधितांना चाचणीचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. संसर्ग वाढत असताना हे दिवस मोलाचे होते.

ब्रिटनच्याच टीएसबी बँकेत एप्रिल २०१८मध्ये उलट घडले. सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत पोहोचली, पण प्रणालीच कोलमडली. लाखो खातेदार अडकले आणि लगेच ओरड झाली. डिसेंबर २०२२मध्ये नियामकांनी बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. बंद पडलेली प्रणाली लपत नाही; गळालेली ओळ मात्र तक्रार करत नाही.

ओळ पोहोचली तरी तिचा अर्थ बदलू शकतो. जुन्या प्रणालीत ‘ॲलर्जी’चा रकाना रिकामा असेल, तर त्याचा अर्थ ‘विचारले नाही’ असाही असतो. नव्या रचनेत तिथे आपोआप ‘ॲलर्जी नाही’ असे उमटले, तर डॉक्टर निर्धास्तपणे पेनिसिलिन लिहून देतील. ०५/०६ ही तारीख पाच जूनची की सहा मेची, हे आधी ठरवले नाही तर उपचारांचा क्रमच उलटतो. एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले सासू-सून एकच रुग्ण ठरू शकतात.

यावरचे उपाय साधे आहेत, पण वेळखाऊ. जुन्या आणि नव्या प्रणालीतील नोंदींची संख्या जुळवणे, आधी रंगीत तालीम घेणे, काही नोंदी डॉक्टर-परिचारिकांकडून मूळ कागदाशी ताडून घेणे आणि जुनी प्रणाली काही काळ निदान वाचण्यापुरती चालू ठेवणे. मुदत जवळ आली की नेमकी हीच कामे आखडती घेतली जातात.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात सप्टेंबर २०२१मध्ये झाली. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाशी वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडता येतात. त्यामुळे एका ठिकाणची चुकीची नोंदही दुसरीकडे पोहोचू शकते. म्हणून प्रणाली किती दिवसांत सुरू झाली यापेक्षा किती नोंदी ताडून पाहिल्या, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तोवर रुग्णांनीही जुने कागद जपावेत आणि नव्या प्रणालीतील आपली ॲलर्जी, रक्तगट व चालू औषधे एकदा वाचून घ्यावीत.