मालक मनाचा धनी नव्हे

वाचकहो, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१८ सालापासून एक मोठा वाद पेटलेला आहे. जन्मतः जिचे लिंग पुरुष म्हणून नोंदले गेले, परंतु जी व्यक्ती स्त्री म्हणून जगते, तिला कायद्याने स्त्री मानावे काय. मानल्यास स्त्रियांसाठी राखलेल्या जागांचे काय. आणि ‘मानू नये’ असे जी नोकरदार बाई उघडपणे म्हणते, तिला मालकाने कामावरून दूर करावे काय, असे त्या वादाचे तीन पदर आहेत. पहिल्या दोहोंवर वृत्तपत्रांचे रकाने भरून वाहतात. आपला निकटचा संबंध आहे तो तिसऱ्याशी, आणि त्याचीच चर्चा आपल्यात होत नाही.

संबंध कसा, असे कोणी विचारील. आपणांपैकी अनेकांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. कचेरीत सत्यनारायणाची पूजा निघते, वर्गणीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत येतो, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेला मनुष्य तो कागद सही न करता पुढे सरकवितो. साहेबांच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीचा परिणाम बढतीच्या यादीवर होऊ नये, याची हमी त्या मनुष्याला कोण देतो? संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करण्यास मनाई केली आहे. परंतु खासगी मालकाने मतावरून केलेल्या भेदाला आडवा येणारा सर्वंकष कायदा आपल्या देशात नाही. ब्रिटनमध्ये तो आहे, आणि म्हणून तेथे काय घडले हे आपण नीट पाहिले पाहिजे.

श्रीमती माया फोर्स्टेटर या लंडनमध्ये ‘सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट’ या संशोधन संस्थेच्या युरोपीय शाखेत अभ्यागत अभ्यासक व सल्लागार म्हणून काम करीत होत्या. लिंगबदलास कायदेशीर मान्यता देणारा २००४ चा कायदा तेथे आहे. ती मान्यता अधिक सुलभ करावी काय, याविषयी सरकारने २०१८ साली लोकांची मते मागविली. बाईंनी ट्विटरवर आपले मत लिहिले : लिंग ही शरीराची वस्तुस्थिती आहे, ती बदलत नाही, आणि ती लिंगओळखीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. सहकाऱ्यांनी तक्रारी केल्या. बाईंचे अभ्यागतपद पुढे चालू ठेवले गेले नाही. त्या कामगार न्यायाधिकरणात गेल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तेथील न्यायाधीशांनी निर्णय दिला की हे मत लोकशाही समाजात आदरास पात्र नाही, सबब कायद्याचे संरक्षण त्याला लागू नाही.

ही ‘आदरास पात्र’ असण्याची अट कोठून आली? २००९ साली ग्रेंजर नावाच्या मालमत्ता कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात ती नक्की झाली. हवामानबदलाविषयी त्या गृहस्थांची श्रद्धा इतकी दृढ होती की त्यांचे सारे जीवन तिने व्यापले होते. अशा श्रद्धेला धर्मश्रद्धेसारखे संरक्षण मिळू शकते, असे अपील न्यायाधिकरणाने ठरविले आणि कसोट्या घालून दिल्या : मत मनापासूनचे असावे; ते क्षणिक अभिप्राय नसावे; जीवनाच्या एखाद्या गंभीर अंगाशी त्याचा संबंध असावा; त्यात सुसंगती असावी; आणि ते लोकशाही समाजात आदरास पात्र असावे, म्हणजे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत व इतरांच्या मूलभूत हक्कांना बाधक नसावे.

पहिल्या चार कसोट्यांशी आमचे भांडण नाही. पाचवी मात्र दुधारी आहे. ‘आदरास पात्र’ हे ठरविणार कोण? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा त्या पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे हे मत त्या गावातील प्रतिष्ठितांच्या दृष्टीने आदरास पात्र होते काय? त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले. ते करणाऱ्यांपैकी एखादा दुसऱ्या दिवशी सनातनी मालकाच्या पेढीवर कामाला गेला असता, आणि आदराची तराजू त्या मालकाच्याच हाती असती, तर त्याच्या नोकरीचे काय झाले असते हे वाचकांस सांगावयास नको. ज्यांची मते एके काळी अपमानकारक ठरविली गेली, त्यांनी तरी दुसऱ्याचे मत अप्रिय आहे एवढ्यावरून त्याची भाकरी काढून घेण्यास टाळी वाजवू नये.

जून २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला निर्णय फिरविला तो याच कारणाने. न्यायमूर्ती चौधरी यांनी दाखविले की पाचव्या कसोटीने बाहेर टाकावयाची मते नाझीवादाच्या वा हुकूमशाहीच्या जातीची असावी लागतात. कोणाला बोचते, दुखविते, धक्का देते एवढ्याने मत संरक्षणाबाहेर पडत नाही. जुलै २०२२ मध्ये बाईंशी मतामुळे भेद झाला असे ठरले आणि २०२३ साली व्याजासह सुमारे १,०६,४०० पौंडांची भरपाई मंजूर झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने एका शाळेतील साहाय्यिकेच्या प्रकरणात हेच तत्त्व आणखी वरच्या पायरीवर नेले. शाळांतून दिल्या जाणाऱ्या लिंगविषयक शिक्षणावर तिने फेसबुकवर टीका केली होती, आणि तेवढ्यासाठी २०१९ च्या प्रारंभी तिला बडतर्फ करण्यात आले होते. ती शिक्षा बेकायदा ठरली.

येथपर्यंत वाचून जे आनंदले असतील, त्यांनी पुढचेही वाचावे. २०२१ च्या त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी बजावले आहे की असे मत बाळगणाऱ्यांना पारलिंगी सहकाऱ्याचा त्याच्या लिंगओळखीवरून वाटेल तसा पाणउतारा करण्याचा परवाना मिळालेला नाही, आणि पारलिंगी व्यक्तींचे स्वतःचे संरक्षणही कोठे गेलेले नाही. निकालाचा अर्धा भाग फलकावर लिहावयाचा व अर्धा गिळावयाचा, ही युक्ती आपल्याला चांगली परिचित आहे.

मत बाळगणे निराळे, शेजारच्या खुर्चीवरील माणसाशी त्या मताच्या जोरावर कसे वागावे हे निराळे. सरकारी खात्यासाठी अपंगत्वाच्या तपासण्या करणाऱ्या एका ख्रिस्ती डॉक्टरने, तपासणीस येणाऱ्या पारलिंगी व्यक्तीस तिच्या इच्छेप्रमाणे संबोधण्यास नकार दिला. २०२२ साली अपील न्यायाधिकरणाने त्याची श्रद्धा संरक्षित मानली, तरीही दावा फेटाळला. कारण दारी आलेल्या गरजू माणसाचा मान राखण्यासाठी खात्याने घातलेली अट योग्य होती. याच्याही आधी, २०२० साली, मोटारींच्या कारखान्यात वीस वर्षे काम केलेल्या एका अभियंत्याचा दावा मान्य झाला. त्या व्यक्तीने आपली लिंगओळख प्रकट केल्यावर सहकाऱ्यांनी टिंगलटवाळी चालविली, कोणते स्वच्छतागृह वापरावे याचेही धड उत्तर व्यवस्थापनाने दिले नाही. भरपाई १,८०,००० पौंडांची झाली. ही बाब कोणा माथेफिरूच्या हट्टाची नव्हती, कामाच्या जागी माणसासारखे वागविले जाण्याची होती.

संबोधनाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे म्हणणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. इंग्रजीत तो आणि ती एवढ्यावर काम भागते. आपल्या मराठीत ‘मी आलो’, ‘मी आले’ असे स्वतःविषयी बोलतानाही लिंग उघड करावे लागते. तोंडातून क्रियापद बाहेर पडले की माणूस ओळखू येतो. शिवाय हाक कशी मारली जाते यात अपमान कसा भरता येतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. साठीच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या पोराने एकेरीत हाक मारावी आणि त्याने ‘जोहार मायबाप’ म्हणून उत्तर द्यावे, ही रीत ज्या घरांनी सोसली त्या घरांतून पारलिंगी माणसाच्या संबोधनावर हसणे निघू नये.

आता स्त्रियांचा प्रश्न. येथे आमचे मत स्पष्ट आहे आणि ते काही मित्रांना रुचणार नाही. स्त्री या वर्गाला कायद्यात नाव असले पाहिजे आणि त्या नावाला निश्चित अर्थ असला पाहिजे. ज्याला नाव नाही त्याच्यावरील अन्याय मोजता येत नाही, हा धडा आपण जातीच्या बाबतीत शिकलो आहोत. ‘जातीचा उल्लेखच करू नका म्हणजे जात जाईल’ असे सांगणारे सभ्य गृहस्थ प्रत्येक पिढीत भेटतात. उल्लेख थांबतो, जात थांबत नाही. स्त्रीचेही तसेच आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतिकालीन सवलतीच्या विधेयकास पाठिंबा दिला तो गिरणीत राबणाऱ्या बाईच्या देहावर जो भार पडतो त्याकडे बोट दाखवूनच. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली वाताहत हे एक मोठे कारण होते. वारसा, विवाह, घटस्फोट यांत स्त्रीला स्त्री म्हणून नाकारले गेले होते; तिला हक्कही स्त्री म्हणूनच द्यावयाचा होता. म्हणून एखादी बाई जेव्हा म्हणते की माझ्या देहावरून माझ्यावर जे लादले गेले त्याविषयी मला नेमक्या शब्दांत बोलू द्या, तेव्हा तिला मत्सरी वा माणुसकीहीन ठरविणे हा अन्याय आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की २०१० च्या समता कायद्यात ‘स्त्री’ व ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक आहे. स्कॉटलंडमधील सार्वजनिक मंडळांवर स्त्रियांचे प्रतिनिधित्व असावे म्हणून तेथे २०१८ साली कायदा झाला होता, त्याच्या मार्गदर्शिकेवरून हा खटला उभा राहिला. निकाल वाचतानाच लॉर्ड हॉज यांनी सांगितले की एका गटाचा दुसऱ्यावर विजय म्हणून याकडे पाहू नका. लिंगांतरावरून होणाऱ्या भेदाविरुद्धचे, छळाविरुद्धचे पारलिंगी व्यक्तींचे संरक्षण त्याच कायद्यात पूर्ववत आहे. तरीही न्यायालयाबाहेर विजयोत्सव झाला, आणि दुसरीकडे पारलिंगी माणसांच्या मनात धास्ती बसली. आम्हांस दोहोंपैकी कोणाची टवाळी करावयाची नाही. एक गोष्ट मात्र निदर्शनास आणावीशी वाटते. स्त्रियांना आडोसा हवा, पारलिंगी माणसालाही सुरक्षित आडोसा हवा. या दोन गरजा एकमेकींच्या शत्रू झाल्या त्या बहुधा तेथे, जेथे मालकाने तिसऱ्या दाराचा खर्च वाचविला. दोन दुबळे एका दारापाशी भांडत राहतात, आणि ज्याने इमारत बांधली तो माडीवरून दोघांनाही सभ्यतेचे धडे देतो.

याच समता कायद्यात आपलीही एक कथा अडकून पडली आहे. २०१० साली तो संमत झाला तेव्हा जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना देण्यात आला. २०१३ साली पार्लमेंटने त्या अधिकाराचे कर्तव्यात रूपांतर केले : जात समाविष्ट केलीच पाहिजे. पाच वर्षे विचारविनिमय चालला. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की तसे करावयाचे नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. मांसाहार व प्राणिजन्य वस्तू वर्ज्य करण्याच्या नैतिक तत्त्वाला त्या देशात जानेवारी २०२० मध्ये संरक्षण मिळाले, त्याचा आम्हांस मुळीच हेवा नाही. जातीचे नाव मात्र नको झाले.

ज्या निकालांवर सरकारने भिस्त ठेवली त्यांतील एक आपण लक्षात ठेवावा. भारतातून नेलेली एक आदिवासी ख्रिस्ती मोलकरीण इंग्लंडमधील एका भारतीय घरात साडेचार वर्षे राबली. दिवसाला अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस. मजुरी हिशेबाने ताशी अकरा पेन्स पडत होती. तिला आपले बायबल जवळ बाळगू दिले गेले नाही, चर्चमध्ये जाऊ दिले गेले नाही. जात ही वांशिक मूळ या शब्दाच्या कक्षेत येऊ शकते, असे २०१४ साली तिच्याच प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने मान्य केले, आणि २०१५ साली तिला थकलेल्या मजुरीपोटी १,८३,००० पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. म्हणजे जातीचे नाव कायद्यात नसल्यामुळे, जी बाई कोणाशी मोकळेपणी बोलूही शकत नव्हती तिला आधी ‘वंश’ या शब्दात आपली जागा शोधावी लागली. एवढी चिकाटी व एवढे वकील किती मोलकरणींच्या वाट्याला येतात?

म्हणून आपल्या गिरणीत, कचेरीत, बँकेत, शाळेत जेथे जेथे युनियन आहे तेथे तिच्या पुढच्या मागणीपत्रात हे लिहवून घ्यावे : कोणाही कामगारावर धर्म, धर्मांतर, अधर्म वा मत यांवरून, तसेच जात, लिंग वा लिंगओळख यांवरून सेवेत प्रतिकूल परिणाम होणार नाही; पूजा, वर्गणी, आरती यांतील सहभाग सक्तीचा नसेल; मत मांडणे हा गुन्हा नसेल, परंतु सहकाऱ्याला त्याच्या जातीवरून वा देहावरून हिणविणे हा असेल; आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो साहेब बसणार नाही. जेथे युनियन नाही तेथे हीच कलमे पाच-सहा जणांच्या सह्यांनिशी अर्ज म्हणून द्यावीत, पोच घ्यावी आणि ती पोच घरी पेटीत जपून ठेवावी.