सायलेन्सर शेवटी लावायचा नसतो

घरी विमान बनवणारा मराठी माणूस म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान जोडलं, फेब्रुवारी २०१६ मधे 'मेक इन इंडिया' सप्ताहात बीकेसीला ते लोकांनी पाहिलं, आणि नोव्हेंबर २०१७ मधे डीजीसीएची नोंदणी मिळाली. आपल्याकडे चर्चा झाली ती परवानग्यांची आणि पैशांची. साहजिक आहे. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतो. उद्या अशी पाच-पन्नास विमानं उडायला लागली, तर खालच्यांच्या कानांचं काय?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, सायलेन्सर लावा! इथेच तर गोची आहे.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या, मिनिटाला २७०० फेरे. दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ९०. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबलेला गरम वायू धाडकन बाहेर, तोच तो आवाज. आता इंजिनला थेट दोन पात्यांचा प्रोपेलर जोडा. तीही पाती सेकंदाला ९० वेळा हवा कापतात. दोघांचा मूळ सूर एकच!

समजा दोघांचा आवाज सारखा, ८०-८० डेसिबल. एकत्र मिळून १६० नाही, ८३ होतात. म्हणजे एक्झॉस्ट पूर्ण गप्प केला तरी ८० उरतातच. कमाई फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० कमी व्हावे लागतात. परफॉर्मन्स ट्यूनिंग केलेल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल: एक फंक्शन शून्यावर आणलं, तरी बाकीचा कोड तेवढाच वेळ खातो.

बरं, सायलेन्सर फुकट येत नाही. चांगला हवा तर आत जागा हवी, जागा म्हणजे वजन. मार्ग अरुंद केला तर वायू उलटा दाबतो आणि पॉवर जाते. टू-स्ट्रोक इंजिनात तर पाइपची लांबीच ट्यून केलेली असते, तिथे मनाने कापाकापी करायची नाही. त्यात तापमान ७००-८०० अंश आणि सतत थरथर, त्यामुळे वेल्डिंगला तडे. केबिन गरम ठेवायची हवा त्याच सायलेन्सरभोवतून घेतली असेल, तर तड्यातून कार्बन मोनॉक्साइड थेट पायलटच्या नाकात. म्हणजे 'डबा लावला, काम झालं' असं नाही.

मग उपाय? दोन्हीकडून सुरुवात. १.८ मीटरचा प्रोपेलर २७०० फेऱ्यांना फिरला की टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५४ मीटर होतो. २४०० वर आणला तर २२६. टोकाचा वेग उतरला की प्रोपेलरचा आवाज झपाट्याने उतरतो. रोटॅक्स ९१२ सारखी इंजिनं म्हणूनच बरी: इंजिन ५८०० पर्यंत पळतं, गिअर मधे असल्याने प्रोपेलर २४०० च्या आसपास. व्यास कमी करून पाती वाढवता येतात. पण इंजिन, गिअर, प्रोपेलर हे सगळं पहिल्या ड्रॉइंगलाच ठरतं. विमान तयार झाल्यावर हातात उरतो तो फक्त डबा.

काही जण म्हणतात, शहराबाहेर उडवा ना, मराठवाड्यात माळरान कमी आहे का? आमचं गाव येलदरीजवळ, जिंतूर तालुक्यात. पूर्णेवरचं १९६८ चं धरण, मागे अफाट पाणी. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की लांबच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. पाण्यालगतची हवा गार, वरची गरम, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो. शिवाय ९० हर्ट्झसारखे खालचे सूर हवेत फारसे विरत नाहीत, आणि तिथे त्यांना झाकायला ट्रॅफिकही नाही. 'रिकामी' जागाच सगळ्यात जास्त ऐकते!

जर्मनीत वर्दळीच्या छोट्या धावपट्ट्यांवर जास्त आवाजाच्या विमानांना वीकेंडला ठराविक वेळी बंधनं असतात. आपल्याकडे उलट, बुलेटचा सायलेन्सर काढून फटफटाट करणं म्हणजे मर्दानगी! पोलिस मग जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात. छंदाची विमानंही त्याच वाटेने गेली तर पहिली तक्रार येईल आणि पाठोपाठ बंदी.

माझं मत साधं आहे. वजन आणि पॉवर जशी पहिल्या पानावर लिहितो, तसा आवाजाचा आकडाही तिथेच लिहावा, आणि त्यापायी चार-पाच किलो वाढले तर वाढू द्यावेत. उडण्याची मजा एकाची असते. आवाज मात्र खालच्या सगळ्यांना, त्यांना न विचारता, ऐकावा लागतो.