कानातला पहिला धातू

सोनारानेच कान टोचावेत, असे आपण म्हणतो ते बहुधा कोणाला चार शब्द सुनावण्याची वेळ आली म्हणजे. त्या म्हणीचा शब्दार्थ मात्र अजून जिवंत आहे. जबलपूरच्या मराठी घरांतून आजही तान्ह्या मुलीचे कान टोचण्यासाठी सराफ्याचीच वाट धरली जाते. शेजारची हिंदीभाषक मंडळी या विधीला कनछेदन म्हणतात, आणि कनछेदीलाल हे नाव महाकोशलात कोणास नवे नाही. सोनार सोन्याची बारीक तार पाळीतून पार करतो, तिचीच कडी वळवतो, मूल टाहो फोडते, आजी हळद आणि खोबरेल घेऊन पुढे होते. विधी येथे संपतो. कानाच्या तक्रारी मात्र पुष्कळदा येथूनच सुरू होतात.

आधी वेळेविषयी. पुष्कळ घरांत बारशाच्या दिवशीच, म्हणजे बाराव्या दिवशी, कान टोचून घेतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय या विषयाला वाहिलेला आहे. तेथे सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे. मुलाला मांडीवर घेऊन, सूर्यप्रकाशात पाळीचा जो भाग पातळ दिसेल तेथे टोचावे, नंतर छिद्रात कापसाची वात घालावी, तेल लावावे आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात बसवावी, असा तो विधी आहे. रक्त फार वाहिले, वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे, हेही तेथे नमूद आहे. या जुन्या वेळेचे आजच्या लसीकरणाशी चांगले जमते. धनुर्वाताचा अंतर्भाव असलेली लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. बाराव्या दिवशी त्याच्यापाशी आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचे जेवढे संरक्षण असेल तेवढेच. बारशाचा थाट बारशाला करावा आणि कान सहाव्या महिन्यानंतर टोचावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ज्यांच्या घराण्यात जखमेच्या जागी वाढत जाणारी गाठ, म्हणजे कीलॉइड, येण्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी हा विषय आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावा. अकरा वर्षांच्या वयानंतर टोचलेल्या कानांवर अशा गाठी अधिक आढळल्या आहेत.

आता धातूविषयी. ताज्या छिद्रात पहिल्याने जो धातू जातो, त्याचा परिणाम जन्मभर राहू शकतो. स्वस्त कर्णभूषणे बहुधा पितळेची असतात. पितळेवर निकेलचा थर देऊन त्यावर सोन्याचा मुलामा चढवण्याची रीत सर्वत्र आहे. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी असली तरी वस्तूत ती नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण होय. घाम आणि जखमेतील द्रव यांत निकेल थोडे थोडे विरघळते, त्वचेत शिरते, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. ही ओळख सहसा पुसली जात नाही. अ‍ॅलर्जी या शब्दासाठी आपल्याकडे वावडे हा नेमका शब्द आहे. तो खाण्यापिण्यापुरता का राहिला हे कळत नाही. निकेलचे वावडे एकदा जडले की घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, पोलक्याचा हूक, सारेच खाजवू लागते.

हे वावडे ओळखण्यात घोटाळा होतो, कारण खाज लगेच सुटत नाही; बहुधा एकदोन दिवसांनी सुटते. तोवर डूल काढूनही ठेवलेले असतात आणि दोष साबणाला किंवा तेलाला लागतो. लग्नघरात तर दोष सुनेला लागतो. सासरच्या दागिन्यांनी तिचे कान लाल झाले की नाजूकपणाचा शिक्का बसतो, आणि ती बिचारी समारंभभर हसतमुखाने ते घालून बसते. हा शिक्का निखालस अन्यायाचा आहे.

कान पिकणे आणि धातू न सोसणे यांतला भेद घरच्या घरी बराचसा कळतो. पिकलेला कान बहुधा एक असतो. तो ठणकतो, गरम लागतो, त्यातून पू येतो. वावड्यात दोन्ही कान खाजतात, कातडीला पापुद्रे सुटतात, पाणी झिरपते, आणि जेथे धातू टेकतो तेथेच हे घडते. दोहोंचे उपाय उलट आहेत. वावडे असेल तर दागिना ताबडतोब काढावा. छिद्र पिकले असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काढू नये, कारण तोंड मिटून पू आत कोंडतो. खात्री करून घ्यायची असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या चकत्या दोन दिवस चिकटवून पॅच टेस्ट करतात.

मग घालावे काय? बावीस कॅरटचे सोने उत्तम, त्यात ९१.६ टक्के सोने असते आणि उरलेल्यात सहसा चांदी व तांबे. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तरी दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. बाळाच्या बाळ्या नेमक्या तेवढ्याच असतात. त्या ओळखीच्या सोनाराकडूनच घ्याव्यात आणि उरलेला धातू कोणता, हे त्याला विचारावे. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असते. ते फारसे सुटत नाही, एवढेच. वावडे असणाऱ्याने टायटॅनियम पाहावे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली, आणि डेन्मार्कमध्ये त्यानंतर तरुण मुलींत हे वावडे कमी झालेले दिसले. ज्यांना सोने परवडत नाही त्यांनी मुलामा दिलेले डूल पहिल्या दोन महिन्यांत तरी घालू नयेत. दागिन्याला नखांचे रंग फासण्याची युक्ती चार दिवसांची आहे.

निगा अगदी साधी आहे. हात धुऊन, उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा छिद्र पुसावे. हळदीचा लेप वाळून खपली धरतो व मळ अडकवतो, तो नको. स्पिरिटही नको. कडी सारखी फिरवू नये. फिरकी घट्ट आवळू नये, नाहीतर ती पाळीत रुतते. पाळी भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ग्वारीघाटावर नर्मदेचे स्नान घडवायचे असेल तर कान पाण्याबाहेर राहू द्यावेत.

बुगडी आणि भिकबाळी यांची गोष्ट वेगळी. ती छिद्रे कानाच्या वरच्या कूर्चेत पडतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती भरायला चार महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागतो, आणि तेथे पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. दुकानातील स्प्रिंगच्या बंदुकीने हा भाग कधीही टोचून घेऊ नये. वरचा कान लाल होऊन ठणकू लागला तर घरगुती उपायांत एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे.