मान आणि धन

“चित्रे काढतोस ना? मग आमचे एवढे एक पोस्टर करून दे. तुझेच नाव होईल!” हातात कुंचला धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे वाक्य महाविद्यालयात एकदा तरी ऐकलेले असते. माझ्या एका मित्राने ते तीन वर्षे ऐकले. स्नेहसंमेलनाचे फलक, नाटकाचा पडदा, भित्तिपत्रकाची शीर्षके, कुणाच्या तरी कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ असे सारे त्याने केले. मोबदला म्हणून चहा-वडा आणि पाठीवर थाप मिळाली. त्याचे नाव झाले हे खरे. पण रंग मात्र त्याने स्वतःच्या पैशाने आणले.

याच मित्राने मला एक जपानी चित्रकथा इंग्रजी अनुवादातून वाचायला दिली. योशिहारू त्सुगे या चित्रकाराची ही कथा. तिचे मूळ नाव ‘मुनो नो हितो’, म्हणजे अंगी कसलेच कर्तृत्व नसलेला माणूस. तिचा नायक एके काळचा चित्रकथाकार आहे. आता तो नदीकाठी टपरी टाकून दगड विकतो. दगड कुठले, तर त्याच नदीच्या पात्रातून उचललेले! गिऱ्हाईक फिरकत नाही. बायको करवादते, पुन्हा चित्रे काढ म्हणते. तो काढत नाही. पुस्तक मिटल्यावर मला राहून राहून वाटले, एवढ्या ताकदीचा कलावंत अशी कथा लिहितो ती कशामुळे? या प्रश्नाच्या मागे लागून मी ‘गारो’ या मासिकापर्यंत पोहोचलो. त्सुगे यांची ही कथा १९८५-८६ मध्ये ‘कॉमिक बाकू’ या दुसऱ्या एका नियतकालिकात आली; पण कलावंत म्हणून त्यांना उभे केले ते ‘गारो’नेच.

चित्रकथा म्हटली की आपल्यापुढे ‘चांदोबा’ किंवा ‘अमर चित्रकथा’ उभी राहते आणि ‘ही तर मुलांची करमणूक’ असे आपण म्हणून जातो. जपानमध्येही एके काळी हाच समज होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गरिबीत तेथे ‘काशिहोन’ नावाची दुकाने गल्लोगल्ली निघाली. ती पुस्तके भाड्याने देत. आपल्याकडील खाजगी वाचनालयांचीच ती जपानी भावंडे म्हणावीत. या दुकानांसाठी स्वस्त चित्रकथा काढणारे तरुण चित्रकार आणि ते वाचणारे कामगार, दोघेही परिस्थितीने गांजलेले. गुन्हा, बेकारी, एकटेपणा हे विषय तेथूनच चित्रकथेत शिरले. हे लिखाण मुलांसाठी नाही हे स्पष्ट व्हावे म्हणून योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ साली त्याला ‘गेकिगा’, म्हणजे नाट्यचित्रे, असे नाव दिले. परंतु १९५९ पासून मोठ्या प्रकाशनसंस्थांची चित्रकथा-साप्ताहिके निघाली, घरोघर दूरचित्रवाणी आली आणि काशिहोन दुकाने भराभर बंद पडू लागली. त्यांच्यावर जगणारे चित्रकार उघड्यावर आले.

अशा वेळी कात्सुइची नागाई या प्रकाशकाने १९६४ साली ‘गारो’ काढले. नागाई काही धनिक नव्हते. काशिहोनच्या धंद्यातच त्यांची हयात गेली होती आणि क्षयाच्या दुखण्यातून ते उठले होते. त्यांच्या संस्थेचे नाव सेइरिन्दो. मासिक काढण्यामागचे कारणही साधे होते. सान्पेई शिरातो या चित्रकाराला एक प्रदीर्घ कथा सांगायची होती आणि ती मोकळेपणाने छापील असे दुसरे ठिकाण नव्हते. शिरातो यांनी स्वतःचा पैसाही यात घातला. ‘गारो’ हे नावसुद्धा त्यांच्याच एका चित्रकथेतील निंजाचे.

ती प्रदीर्घ कथा म्हणजे ‘कामुइ-देन’. १९६४ च्या अखेरीस ती सुरू झाली आणि १९७१ पर्यंत चालली. सरंजामशाहीतील जपान, जमीन कसणारे शेतकरी, त्यांना पिळणारे सामुराई आणि या सर्वांच्या पायाखाली ‘हिनिन’. ‘हिनिन’ या शब्दाचा अर्थच ‘माणूस नव्हे’ असा आहे. नायक कामुइ या जन्माने बहिष्कृत ठरवलेल्या समाजातला. वरच्यांनी शेतकरी आणि बहिष्कृत यांना एकमेकांविरुद्ध कसे झुंजवत ठेवले, हे शिरातो पानापानातून दाखवतात. मराठी वाचकाला यावर भाष्य करून सांगण्याची गरज नाही. शिरातो यांचे वडील तोकी ओकामोतो हे श्रमिकवर्गाची बाजू घेणारे चित्रकार होते. मुलाने तोच वारसा निंजाच्या गोष्टीतून चालवला. मासिक मुळात मुलांसाठी योजले होते. पण ते उचलून धरले विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी. जपानमधील विद्यार्थी-चळवळ पेटलेली होती, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते, आणि त्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून ‘गारो’चे अंक फिरत होते. भरभराटीच्या काळात त्याचा खप सुमारे ८० हजारांपर्यंत गेला असे सांगतात.

नागाई यांचे खरे मोठेपण मात्र खपाच्या आकड्यात नाही. कलावंताला शोधून आणणे आणि आणल्यावर त्याच्या चित्रांत ढवळाढवळ न करणे, यात ते आहे. काशिहोनचा धंदा बुडाल्यावर त्सुगे हलाखीत कुठेतरी दिसेनासे झाले होते. तेव्हा ‘गारो’ने १९६५ च्या एका अंकात चक्क निवेदन छापले की त्सुगे यांनी आमच्याशी संपर्क साधावा. हरवलेल्या माणसाची जाहिरात आपण पाहतो. हरवलेल्या कलावंताची जाहिरात देणारा संपादक विरळाच. त्सुगे आले. १९६८ साली ‘गारो’च्या खास अंकात त्यांची ‘नेजिशिकी’ प्रसिद्ध झाली. जेलीफिश चावून धमनी तुटलेला एक तरुण समुद्रकाठच्या गावात डॉक्टर शोधत हिंडतो आणि त्याला जिकडेतिकडे भेटतात ते डोळ्यांचेच दवाखाने! स्वप्नासारखी ही कथा वाचून जपानमधील समीक्षकांना चित्रकथेकडे साहित्य म्हणून पाहणे भाग पडले.

युद्धात डावा हात गमावलेले शिगेरू मिझुकी ‘गारो’त होते. १९६५ मध्ये कुनिको त्सुरिता ही अठराएक वर्षांची मुलगी ‘गारो’त आली, तीही त्या काळी, जेव्हा स्त्रीने काढावयाच्या चित्रकथा म्हणजे शाळकरी मुलींच्या गोडगोड गोष्टी, असे ठरून गेले होते. पुढे मुरासाकी यामादा यांनी दोन मुलींची आई असलेल्या एका गृहिणीचा कोंडमारा ‘गारो’च्या पानांवर मांडला. १९८० साली पदार्पण केलेल्या हिनाको सुगिउरा यांनी एदो काळातील जनजीवन जिवंत केले. ओबडधोबड रेषेचे, मुद्दाम ‘वाईट’ काढलेले चित्रही ‘गारो’ने छापले. बीभत्स आणि उत्तान म्हणावे असेही त्यात बरेच होते. ते सारेच मला रुचले असे मी म्हणणार नाही. परंतु ‘हे खपेल का?’ हा प्रश्न आधी न विचारणारे एक मासिक एवढी वर्षे टिकले, ही लहान गोष्ट नव्हे. चित्रकथासम्राट म्हणून गौरवलेल्या ओसामू तेझुका यांनाही ‘गारो’ची दखल घेऊन १९६७ साली ‘कॉम’ हे आपले मासिक काढावेसे वाटले.

येथवरची कथा कुणालाही आवडेल. माझा प्रश्न यापुढचा आहे.

१९७१ साली ‘कामुइ-देन’ संपली. मोठ्या प्रकाशकांनी तोवर प्रौढ वाचकांसाठी स्वतःची नियतकालिके काढली होती. १९६८ चे ‘बिग कॉमिक’ हे त्यांतले एक. ‘गारो’ने तयार केलेला वाचक तिकडे वळला. खप घसरत गेला आणि ‘गारो’ने चित्रकारांना मानधन देणे बंद केले. त्यानंतरची दोन दशके जपानमधील धाडसी चित्रकार या मासिकासाठी फुकट राबले. त्यांना संपूर्ण स्वातंत्र्य होते आणि हाती छदाम नव्हता. मराठीत ‘मानधन’ असा एक सुरेख शब्द आहे. ‘गारो’ने त्यातला मान दिला, धन दिले नाही.

सेइइची हायाशी यांची ‘सेकिशोकु एरेजी’ ही दीर्घकथा १९७०-७१ मध्ये ‘गारो’त क्रमशः आली. इचिरो आणि साचिको हे लग्नाविना एकत्र राहणारे तरुण जोडपे. दोघेही चलच्चित्रांच्या धंद्यात मजुरीने रेषा ओढतात. इचिरोला स्वतःची चित्रकथा काढायची आहे, खोलीचे भाडे तुंबलेले आहे, आणि त्यांचे प्रेम हळूहळू त्या भाड्याखाली दबत जाते. पैसे न मिळणाऱ्या कलावंताची ही कथा ज्या मासिकात छापली गेली, त्या मासिकाचीही तिजोरी तेव्हा रिकामी होत चालली होती. याला योगायोग म्हणायचे की कबुली?

‘गारो’चे भक्त म्हणतात, पैसे द्यायचे ठरवले असते तर मासिक केव्हाच बंद पडले असते. या म्हणण्यात तथ्य आहे. तेझुकांचे ‘कॉम’ मोठ्या नावाच्या आधारानेही १९७१ नंतर तगले नाही. मानधन देणाऱ्या साप्ताहिकांत वाचकांच्या पसंतीचे कौल घेतले जात आणि कौल विरुद्ध गेला की कथा गुंडाळावी लागे. नागाई स्वतः काही गबर झाले नाहीत. मालक लोळतो आहे आणि चित्रकार उपाशी, असा हा मामला नव्हता. हे सारे मान्य. तरीही एक गोष्ट उरतेच. मासिक तगले ते कुणाच्या जिवावर? कागदवाल्याने कागद फुकट दिला नाही, छापखान्याने छपाई फुकट केली नाही. ज्याच्यामुळे मासिकाला अर्थ होता, त्या एकट्यानेच आपले श्रम फुकट द्यावेत असे का? आणि फुकट राबणे ज्यांना परवडत नव्हते असे किती चित्रकार त्या दारापर्यंत आलेच नसतील? घरातून पैसा येणाऱ्याला स्वातंत्र्य स्वस्त पडते. ज्याला महिनाअखेरीस घरी पैसे पाठवायचे असतात त्याला ते परवडत नाही. कामुइची कथा सांगायला निघालेले मासिक अखेर परवडणाऱ्यांचेच होण्याचा धोका असतो, हे विसरून चालणार नाही.

पुढचा इतिहासही हेच सांगतो. वय झालेल्या नागाईंनी १९९० च्या सुमारास संस्था दुसऱ्या एका कंपनीकडे सोपवली. जानेवारी १९९६ मध्ये ते वारले. १९९७ साली नव्या मालकांशी न पटल्यामुळे संपादकवर्ग एकदम बाहेर पडला. त्यांनी सेइरिन कोगेइशा ही संस्था स्थापून १९९८ पासून ‘आक्स’ हे नवे नियतकालिक सुरू केले. चित्रकारही मोठ्या संख्येने त्यांच्याबरोबर गेले. ‘गारो’ हे नाव मागे उरले, ते अधूनमधून निघत राहिले आणि २००२ साली कायमचे थांबले. नाव, कचेरी, हक्क हे सारे कंपनीकडे होते. तरी माणसे गेली आणि मासिक गेले. ‘गारो’चे खरे भांडवल कोणते होते हे यावरून कळावे. ज्यांना कधी भागीदार म्हटले नाही, तेच त्याचे भागीदार होते.

म्हणून मला असे म्हणायचे आहे की ‘गारो’चा गौरव करावा, पण त्याच्या गरिबीचा गौरव करू नये. कलावंताने उपाशी राहिलेच पाहिजे, दारिद्र्यातूनच अस्सल कला जन्मते, अशी एक समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ही समजूत बहुधा ज्यांची पोटे भरलेली असतात त्यांना अधिक प्रिय असते. त्सुगे उपासमारीमुळे मोठे झाले नाहीत. कुणीतरी त्यांना शोधले, कुणीतरी त्यांची पाने जशीच्या तशी छापली, म्हणून ते मोठे झाले. हलाखीने त्यांना दिला तो नदीकाठचा दगडविक्या.

आपला हा वार्षिकांकही ‘गारो’सारखाच बिनमानधनाचा आहे. त्यात गैर काही नाही. आपण येथे शिकाऊ आहोत. पहिली कविता, पहिली कथा, पहिले रेखाटन छापून येण्याचा आनंद हाच आपला मोबदला. पण शिकण्याचे ठिकाण आणि आयुष्यभर राबण्याचे ठिकाण यांत फरक असतो. येथे फुकट काम करून घेण्याची जी सवय आपल्याला लागते, ती घेऊन आपण उद्या संपादक होऊ, प्राध्यापक होऊ, नाट्यसंस्थांचे चिटणीस होऊ, आणि मग एखाद्या होतकरू पोराला सहज म्हणून जाऊ, “तुझेच नाव होईल!”

संपादक मंडळाला माझी एक साधी सूचना आहे. पुढील वर्षीच्या अंकाचे अंदाजपत्रक करताना कागद, छपाई आणि बांधणी यांच्या खाली आणखी एक ओळ घालावी : चित्रकारांचे रंग व कागद. रक्कम अगदी थोडी असली तरी चालेल. निदान मान देताना आपण त्याच्या खिशातले धन तरी काढून घेणार नाही.

माझा तो मित्र यंदा पदवीधर होऊन बाहेर पडेल. घरचे त्याला नोकरी बघ म्हणतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. फक्त एवढीच इच्छा आहे की आणखी वीस वर्षांनी तो मला भेटावा तेव्हा त्याच्या बोटांना रंग लागलेला असावा. कुठल्या तरी नदीकाठी दगड मांडून तो बसलेला नसावा.